रोज एक बिघाड

काकूंनी उभ्या आयुष्यात कुणाचं काही मुद्दाम बिघडवलं नव्हतं. टेलिफोनच्या कचेरीत त्या एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, आणि काम एकच, कुणाला तरी कुणाशी जोडून द्यायचं. अशी बाई सत्तरीत रोज सकाळी, नवरा आंघोळीला गेला की, बाह्या सारून गॅरेजमध्ये जाते आणि चांगल्या चालत्या गाडीचं काहीतरी काढून ठेवते, हे गल्लीत कुणाला सांगूनही पटलं नसतं.

गाडी काकांच्या वडिलांच्या वेळची. गोल दिवे, लांब नाक, कधीकाळी हिरवा असावा असा रंग. तिने या घराच्या किती वेळा नाकी नऊ आणले याची गणती नाही. लेकीच्या परीक्षेच्या दिवशी ती चौकात बसली. सासूबाईंना दवाखान्यात नेताना चढावर बसली. काकूंच्या भावाच्या लग्नाला निघाले, तर हे दोघं पोचले तेव्हा वऱ्हाडी जेवून हात धूत होते. काका मात्र कधी चिडले नाहीत. खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि म्हणायचे, "बघू, घोडं कुठं पेंड खातंय." काकू आत बसून धुमसायच्या. "या घरात मी थोरली आणि ही धाकटी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि त्यात थट्टा निम्मीच असे.

काकांचा धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा. केसाएवढी चूक त्यांच्या बोटाला कळायची. दोन वर्षांपूर्वी त्याच माणसाच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी वार गेले, मग दुकानाचा रस्ता गेला, मग नातवंडं गेली. नंतर बोलणंही आटलं. खिडकीपाशी खुर्चीत बसायचे ते बसायचेच. एकदा तीन दिवस तोंडातून शब्द नाही, आणि चौथ्या दिवशी काकूंनी सहज गाडीची किल्ली फिरवली तर गाडी गप्प. खुर्चीतून काका उठले. बॉनेट उघडलं, बॅटरीची सैल झालेली तार आवळली, हात पुसत आत आले आणि म्हणाले, "अगं, चहा टाक. बॅटरीची तार होती." मग तार सैल का होते, ते त्यांनी चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं. त्या दिवशी दुपारपर्यंत काकूंना आपला नवरा परत मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि काकूंना रडू आलं. चाळीस वर्षं न सांगता दगा देणारी बया, आता गरज होती तर सुतासारखी सरळ.

काकू मिस्त्रीकडे गेल्या. गाडीचं दुखणंखुपणं माहीत असलेला हा शेवटचा माणूस, वय साठीचं, जीभ तिखट. त्याने सगळं ऐकून घेतलं. "काकू, लोक माझ्याकडे गाडी दुरुस्त करायला येतात. बिघडवायची शिकवणी मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या," तो म्हणाला. पण घरी येऊन त्याने पाच-सहा जागा दाखवल्या. ही बॅटरीची तार. हा फ्यूज. ही प्लगची तार, एकच उपसायची. हे झाकण उघडून आतला फिरता तुकडा, रोटर, काढून खिशात टाकायचा. आणि जाताना बोट वर करून बजावलं, "काढायचं. पण काढलेलं दुसरीकडे लावायचं नाही. एवढं पाळा."

त्याप्रमाणे चार महिने चाललं. काका आंघोळीहून आले की काकू म्हणायच्या, "अहो, गाडी सुरू होत नाहीये." काका बाहेर जायचे. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून घड्याळ बघत उभ्या. कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. एकदा तास झाला तेव्हा त्यांच्या हातातली बशी फुटली. पण बिघाड सापडायचा, आणि सापडला की काका तासभर, दोन तास त्यांच्याशी बोलायचे, अगं म्हणायचे. लेक फोनवर म्हणायची, "आई, ती गाडी विकून टाक. बाबांना काही झालं तर?" काकू म्हणायच्या, "बघू." ज्या दिवशी बिघाड सापडणार नाही त्या दिवशी आपण पूर्ण एकट्या पडणार, हे लेकीला फोनवर कसं सांगायचं?

मग एका आठवड्यात काकांनी सलग सहा बिघाड दहा मिनिटांच्या आत शोधले. काकूंना आशेने घेरलं. आशा माणसाला शहाणं ठेवत नाही. त्यांना वाटलं, सोपं पडतंय यांना, थोडं अवघड द्यायला हवं. सातव्या दिवशी त्यांनी प्लगच्या दोन तारा काढल्या आणि एकीच्या जागी दुसरी लावून टाकली. मिस्त्रीचं बोलणं आठवत होतं, पण हात एकतीस वर्षांच्या सवयीचा. बोर्डावर कॉर्ड चुकीच्या भोकात गेली तर भलत्याच माणसाला फोन लागायचा. माफ करा म्हणायचं, कॉर्ड उपसायची, संपलं. चुकीच्या जागी लावलेल्या तारेने कुणाला इजा होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

काकांनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, थरथरलं आणि मग मागच्या नळकांड्यातून असा बार उडाला की पलीकडच्या भिंतीवरची पाखरं उठली. पाठोपाठ दुसरा. काकू धावत गेल्या. काका जमिनीवर बसले होते, दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. त्यांनी काकूंचा हात झटकला. घरात आले, खुर्चीत बसले आणि भिंतीकडे तोंड केलं.

नऊ दिवस गेले. काका गाडीकडे फिरकले नाहीत, बोललेही नाहीत. मिस्त्रीला कळलं तेव्हा तो ओरडला नाही, त्याचंच काकूंना जास्त लागलं. "अति तिथे माती, काकू," एवढंच म्हणाला. काकूंनी लेकीला फोन करून सांगितलं, विकून टाकू. मिस्त्रीनेच गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी येणार होतं. तारा येऊन लावून देतो, असं तो म्हणाला, तर काकू म्हणाल्या, "नको. घोळ मी घातलाय, मीच निस्तरते."

शनिवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. कुठल्या दोन तारा ते आठवेना. म्हणून चारही उपसल्या, आणि मग चार तारा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कुठली कुठे, काही कळेना. त्या रडत होत्या आणि नाक बाहीला पुसत होत्या, त्यामुळे काका मागे येऊन उभे राहिल्याचं त्यांना कळलं नाही.

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही मिस्त्रींकडून आलात का?"

काकू वळल्या. काकांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. अनोळखी बाईशी बोलताना असते तेवढी अदब होती. त्यांनी आजवर काकूंना ताई कधी म्हटलं नव्हतं. तरी काकू म्हणाल्या, "हो."

"द्या इकडे." काकांनी तारा हातात घेतल्या. तारा ज्यात बसतात त्या झाकणावरून बोट फिरलं. "एक, तीन, चार, दोन. असा क्रम असतो. या दोन उलटसुलट झाल्या होत्या." एकेक तार टक् करून बसली. मग त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक विनंती आहे, ताई. आमच्या मंडळींना काही बोलू नका. ती रोज काहीतरी काढून ठेवते. माझ्यासाठी. तिला वाटतं मला कळत नाही. या वेळी बिचारी चुकली, आणि मी घाबरलो. तिच्या मनाला फार लागलं असणार."

काकूंनी मान हलवली.

"बसा, किल्ली फिरवा," काका म्हणाले.

चाळीस वर्षांत काकूंनी किल्ली फिरवली ती दारातून हात घालून. चालकाच्या जागी त्या पहिल्यांदा बसल्या. उद्याच्या गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगायचं, एवढं त्यांनी बसताबसताच ठरवलं. किल्ली फिरवली. धाकटी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि सुरू झाली.

काकांनी बॉनेटवर हात ठेवून आवाज नीट ऐकला. मग घराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? झाली सुरू!"

"ऐकलं," काकू स्टिअरिंगमागून म्हणाल्या.

काका दाराकडेच बघत राहिले.