करंजीचा पूर्ण मार्क

दर डिसेंबरला अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातलं आमचं मराठी मंडळ एका शाळेचा हॉल घेऊन प्रश्नमंजूषा ठेवतं. गेल्या वर्षी विषय होता नाताळ. प्रश्न काढले होते मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांनी. निवृत्त इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, त्यामुळे निकालावर अपील नाही. मी आणि माझी दहा वर्षांची लेक, एवढीच आमची टीम.

सुरुवात मजेत झाली. नाताळ साजरा केला म्हणून एके काळी कुठे दंड व्हायचा? इथेच, आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. इथे येऊन वसलेल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांना हा सण धर्माला धरून वाटत नव्हता. हॉल हसला. नाताळ हा शब्द मराठीत कुठून आला? पोर्तुगीजमधून. हे मला येत होतं, मी घंटी दाबली. मग काकांनी विचारलं, "महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरात नाताळला हमखास काय बनतं?"

लेकीने माझ्याआधी घंटी दाबली. "करंजी."

"अगं बाळा, करंजी दिवाळीला," काका म्हणाले. "उत्तर आहे प्लम केक."

सगळे हसले. प्रेमानेच हसले, पण लेकीचे कान लाल झाले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही ख्रिस्ती आहोत. नगरकडचे, पणजोबांपासून. आडनाव चारचौघांसारखं, कुंकू लावत नाही, पण इथे लावतं कोण? त्यामुळे नऊ वर्षांत मंडळात कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गणपतीला मोदक वळले, आरतीला टाळ्या वाजवल्या, तेही आवडीने. पण कुणी 'तुम्ही काय, आपल्यातल्याच' म्हणालं की मी विषय बदलायचे. हाताची घडी, तोंडावर बोट. त्याची मला आज चीड येते.

आमच्याकडे केक आलाच तर बेकरीतून यायचा. करंज्या मात्र आठवडाभर आधी सुरू व्हायच्या. आई लाटायची, मावशी सारण भरायची, मी कातणाने कडा कापायचे. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट यायचं, नाताळला आमच्याकडून जायचं.

मी उभी राहिले. "काका, तिचं उत्तर बरोबर आहे."

"कशावरून?"

"माझ्या घरावरून. आम्ही ख्रिश्चन आहोत."

शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, वाटत नाही हो. मराठी किती छान बोलता."

"मराठीच आहे मी, काकू. वेगळं काय वाटायला हवं होतं?"

काका घसा खाकरून म्हणाले, "बरं, अर्धा मार्क देऊ. उत्तराच्या कार्डावर केकच आहे."

"कार्ड कुणी लिहिलं?"

"मीच. नेटवर चेक करून."

"मग अर्धा नको. पूर्ण द्या, नाहीतर तिचं चुकलं असं माझ्या तोंडावर सांगा." माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता.

मागून कुणीतरी नागपुरी ठसक्यात म्हणालं, "देऊन टाका ना काका, घरची बाई सांगून राहिली." काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, प्लम केकवर काट मारली आणि फळ्यावर आमच्या नावापुढे एक मार्क लिहिला. पूर्ण.

निघताना कोट घालता घालता लेकीने विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल देम बिफोर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "घाबरत होते," मी म्हणाले.

तिने दारातून आत पाहिलं. काका एका हाताने कंबर धरून खुर्च्या आवरत होते, काकू उरलेले सामोसे डब्यात भरत होत्या.

"स्केअर्ड? ऑफ देम?" ती म्हणाली.