मरीनावरचा मोकळा वेळ

आई-बाबांनी युरोप बघायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं की ते आधी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला माझ्याकडे येतील. चार दिवस राहतील. आई माझ्या स्वयंपाकघरातली भांडी तिच्या पद्धतीने लावेल, बाबा सकाळी कालव्याकाठी फिरून येतील, आणि एखाद्या संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना सांगून टाकेन.

बाबांनी टूर बुक केली. पुण्याहून निघणारी, सोबत स्वयंपाकी असणारी, मराठी माणसांची टूर.

"तुझ्या गावात बघायचं काय? कारखान्याची धुराडी?" ते फोनवर म्हणाले. "त्यापेक्षा तूच ये. मी बोललोय त्यांच्याशी. मधूनच बसमध्ये चढता येतं."

सांगायचं होतं ते इतकंच: माझी नोकरी महिनाअखेरीला संपत होती. गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी लहान होती. काम आटलं. माझा करार मुदतीचा होता, तो त्यांनी वाढवला नाही. यात कुणाचं भांडण नव्हतं की अपमान नव्हता. मॅनेजरने काचेच्या खोलीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे करून सांगितलं. आता ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन परतीचं बोलावं लागणार होतं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि त्यांच्या शेजारी कोण बसलंय ते मला कधीच कळत नाही.

ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका मोठ्या घड्याळांच्या दुकानासमोर मी बसमध्ये चढले. तिथून स्वित्झर्लंड, मग खाली भूमध्य समुद्राचा किनारा, आणि शेवटी मिलान. मिलानहून त्यांचं विमान होतं आणि माझी ट्रेन. मी मनाशी म्हटलं, तीन दिवस आहेत. भरपूर झाले.

मराठी टूरमध्ये सुरुवातीलाच प्रत्येकाने माइकवर येऊन आपली ओळख करून द्यायची असते. ते सगळं माझ्या आधीच उरकलं होतं, म्हणून माझ्या एकटीसाठी पुन्हा माइक काढला. मी उठून उभी राहिले. बसमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली, सगळ्यांच्या डोक्यावर टूरची एकसारखी टोपी. शाळेत गॅदरिंगला मी नेहमी पडदा ओढायचं काम मागून घ्यायचे, त्याची आठवण झाली. माझं तोंड उघडायच्या आत बाबांनी माइक घेतला.

"ही माझी मुलगी. जर्मनीतल्या गाड्या हिच्या सॉफ्टवेअरवर चालतात."

टाळ्या पडल्या. माझ्या सॉफ्टवेअरवर गाडीच्या मागच्या काचेचा वायपर चालायचा. तोही मी आणि आणखी सहाजणांनी मिळून केलेला. मी "नमस्कार" म्हटलं आणि बसले.

त्यानंतर बसमध्ये मी 'जर्मनीवाली' झाले. सांगलीचे एक काका गुडघ्याला पट्टा बांधून होते, ते लंगडत आमच्या सीटपाशी आले.

"आमचं पोरगं पुण्यात आहे आयटीत. कंटाळलंय. तुमच्याकडं येतो म्हणतंय. नोकरी शोधायचा व्हिसा मिळतो म्हणे."

"येऊ दे की," बाबा म्हणाले. "आमची आहे ना तिथे. चिकटवेल कुठेतरी."

"काका, सध्या तिकडे जरा..." मी म्हणाले.

"तिचं ऐकू नका," बाबा म्हणाले. "ती भिडस्त आहे. स्वतःच्या पहिल्या इंटरव्ह्यूलाही असंच म्हणत होती."

काका हसले. आई हसली. मीही हसले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

आता आठवलं की वाटतं, त्या तीन दिवसांत आम्ही तिघंच, आणि तिघंही जागे, असे फक्त लिफ्टमध्ये होतो. सकाळी फोन वाजवून उठवायचे, मग नाश्ता, मग बस. बसमध्ये रोज सीट बदलायच्या, म्हणजे खिडकी आणि पुढची रांग सगळ्यांना मिळावी. त्यामुळे रोज नवे शेजारी आणि रोज तेच प्रश्न. भाडं किती, भाज्या मिळतात का, लग्नाचं काय. हॉटेलात तिघांची एकच खोली. आई चादरीवर टेकली की झोपायची आणि बाबा दुसऱ्या दिवसाचे कपडे खुर्चीवर काढून ठेवत म्हणायचे, "सहाला उठवणारेत. दिवा घालव." अंधारात, आईच्या श्वासाचा आवाज ऐकत, मी मराठीत वाक्य जुळवायचे. 'माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही' यात मराठी कुठे आहे? 'माझी नोकरी गेली' म्हटलं की रडायला आल्यासारखं वाटायचं आणि मला रडायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही समुद्राकाठच्या त्या गावात उतरलो. फ्रान्समधलं कान आणि मोनॅको यांच्या मधलं, सिनेमातले लोक सुट्टीला जातात तसलं. ताडांची रांग, पिवळसर इमारती, प्रत्येक गच्चीवर कापडी छत. खाली मरीना, खासगी बोटींचं बंदर. बोटी धक्क्याकडे पाठ करून उभ्या होत्या, रिव्हर्समध्ये लावलेल्या गाड्यांसारख्या. प्रत्येकीच्या मागच्या अंगाला सोफे, उशा, टेबलावर ताजी फुलं, आणि बसलेलं कुणीच नाही. फक्त पांढऱ्या टी-शर्टमधली मुलं स्टीलचे कठडे पुसत होती. पाणी इतकं स्थिर की तो समुद्र आहे यावर विश्वास बसेना. हवेला डिझेलचा आणि उन्हात लावायच्या क्रीमचा वास होता.

"मंडळी, इथे फक्त बघायचं," टूर लीडर झेंडी वर धरून म्हणाला. "कुणाला बोट विकत घ्यायची असेल तर आधी मला सांगा, बसमध्ये जागा करावी लागेल. आता तुम्हाला मोकळा वेळ. मग सरळ मिलान."

बोटींवर चढायच्या फळीपाशी वेताच्या टोपल्या होत्या आणि त्यांत बूट काढून ठेवलेले. आईला ते फार आवडलं. "बघ, चपला बाहेर. श्रीमंत असले तरी वळण आहे," ती म्हणाली.

मी बाबांच्या बाजूला सरकले. "बाबा, मला जरा बोलायचंय."

"बोल की."

"इथे नको. तिकडे बाकावर बसू या?"

"अगं, ते बघ." ते एका मध्यम आकाराच्या बोटीकडे बोट दाखवत होते. तिच्या पाठीवर तिच्या बंदराचं नाव लिहिलं होतं, हॅम्बुर्ग, आणि वर जर्मन झेंडा. "हे तर तुझ्या गावचे."

"बाबा, हॅम्बुर्ग माझं गाव नाही."

"जर्मन तर आहेत ना? विचार त्यांना, एक फोटो काढू देतात का वर चढून. आम्ही बोटीवर, मागे समुद्र. विचार. तुला भाषा येते, उपयोग काय मग?"

मागे टूरमधली पाच-सहा माणसं गोळा झाली होती. सांगलीचे काका मोबाइल सरसावून उभे. माझ्या कानशिलांत गरम झालं. अनोळखी माणसाला हाक मारायची म्हटली की आजही मी आधी मनात तिची तालीम करते, आणि इथे ती हाक या सगळ्यांच्या देखत मारायची होती. पण नाही म्हणण्यापेक्षा विचारून मोकळं होणं सोपं होतं.

बोटीवर साठीची एक बाई अनवाणी उभी राहून पाइपने डेक धूत होती. मी जर्मनमध्ये माफी मागून सुरुवात केली, आईवडील भारतातून आलेत, एक फोटो हवाय. ती हसली. जर्मन कुठे शिकलीस, कुठे राहतेस, तिने विचारलं. वोल्फ्सबुर्ग, मी म्हणाले.

"अच्छा, मग तिथे नोकरीला?"

आणि मी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत. मग माझा करार संपतोय. वाढवला नाही त्यांनी. सध्या दुसरी शोधतेय."

ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. अर्जांमध्ये, बेकारांच्या कचेरीतल्या बाईसमोर, फोनवरच्या मुलाखतींत मी ते इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात काही दुखण्यासारखं राहिलं नव्हतं. बाबा माझ्या मागे दोन हातांवर उभे होते. मी काय बोलले ते त्यांना कळणार नव्हतं, आणि ते तिथे असताना मी ते बोलले होते, यानेच मला हलकं वाटलं.

तिने पाइपचं पाणी बंद केलं. "वाईट झालं. आईवडिलांना माहीत आहे?"

"नाही. ते माझे वडील, माझ्या मागे."

तिने माझ्या खांद्यावरून बघितलं. बाबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

तिने त्यांना वर घेतलं. बाबांनी बूट काढले, आईने चपला टोपलीत नीट जोडीने ठेवल्या, पदर सारखा केला. मी फोटो काढला. खाली उतरताना त्या बाईने माझा दंड हलकेच दाबला, आणि बाबांनी लगेच विचारलं, "काय म्हणत होती एवढं?"

"काही नाही. जर्मन चांगलं बोलतेस म्हणाली."

"ऐकलंत?" बाबा मागच्यांना म्हणाले.

त्या मागच्यांत कोथरूडच्या काकू होत्या. सत्तरीच्या, बारीक, हातात आईस्क्रीमचा कोन. तीन दिवसांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आई-बाबा चपला-बूट चढवत होते तेवढ्यात त्या माझ्या शेजारी आल्या आणि बोटींकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून, म्हणाल्या, "इश हाबे आलेस फेरश्टांडन."

मला सगळं समजलं, असं त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. पुण्याहून निघालेल्या बसभर माणसांत एकाने तरी जर्मन केलेलं असणारच, हे मला सुचायला हवं होतं. माझ्या वर्गातल्याच निम्म्या मुलींच्या आयांनी केलं होतं.

"लग्नाआधी तीन वर्षं शिकलेय," काकू मराठीत म्हणाल्या. "बोलायला कुणी मिळालं नाही, पण ऐकलेलं कळतं. आमच्या बाई फार कडक होत्या. घाबरू नकोस, मी नाही सांगणार."

"थँक्यू, काकू."

"थँक्यू कसलं. ते सांगलीचे आज मिलानला पोचले की मुलाला फोन करणारेत. राजीनामा दे म्हणून. तुझ्या बाबांच्या शब्दावर. सकाळी नाश्त्याला माझ्यासमोर ठरलं त्यांचं." त्यांनी कोनाची कड चाटली. "मला खोटं बोलायला लावू नका बाई तुम्ही. मला ते जमत नाही, माझ्या तोंडावर लगेच दिसतं."

मी मान वळवून बाबांकडे बघितलं.

"किती वेळ लागेल तुला?"

"माहीत नाही."

"आईला नेते मी बाथरूमला. पैसे टाकायचं मशीन असतं, ते आम्हाला वापरता येणार नाही, म्हणजे वेळ लागेल." आणि मोठ्याने, "अहो, चला बाथरूम शोधू या, पुढे चार तास बस थांबायची नाही. या पोरांना आपली काय काळजी असणार."

आई उठली. बाबा बाकावर बसून डाव्या बुटाची नाडी बांधत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि जर्मनमधलं वाक्य तसंच, शब्द बदलून, मराठीत म्हटलं. महिनाअखेरपर्यंत. मग नाही. दुसरी शोधतेय.

त्यांची बोटं नाडीवर थांबली. "कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"आता मे चाललाय."

"हो."

समोरच्या बोटीवरचा मुलगा तोच कठडा पुन्हा पुसायला लागला होता.

"ती बाई," बाबा म्हणाले. "तिला हेच सांगत होतीस?"

"हो."

"माझ्यासमोर."

"हो, बाबा."

"आणि मी नमस्कार केला तिला."

त्यांनी नाडी पूर्ण केली, दुसऱ्या बुटाचीही सोडून पुन्हा बांधली. मग खाली बघतच म्हणाले, "आईला आत्ता नको. ती रात्रभर रडेल आणि त्या खोलीत तुला जायला जागा नाही. विमानात मी सांगतो."

"सांगलीच्या काकांना..."

"बघतो मी."

लांबवर झेंडी वर झाली. लोक पिशव्या सावरत बसकडे निघाले. बाबा माझ्या पुढे चालत होते, एरवी चालतात त्याहून जोरात, आणि मला त्यांची फक्त टोपी दिसत होती. ते रागावलेत की घाबरलेत, ते मला त्या पाठीवरून कळेना. बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली, स्वतः मध्ये बसले. पलीकडच्या रांगेत आई.

बस घाट चढायला लागली तेव्हा काका आले, कागद-पेन घेऊन. "तेवढा ईमेल द्या पोरीचा. आज पोराला सांगून टाकतो."

"थांबा जरा," बाबा म्हणाले. "त्याला म्हणावं, हातातलं सोडू नको. तिकडे सध्या काही खरं नाही."

"काल तर तुम्ही म्हणालात, चिकटवेल."

"म्हणालो. चुकलं माझं. मला तिथलं काही माहीत नाही, उगाच बोललो."

आजूबाजूचे दोन-तीनजण वळले. बाबांनी असं कुणापुढे म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. काका माझ्याकडे झुकले. "मग तुम्हीच सांगा की हो, तुम्ही तिथं आहात. कसं काय आहे?"

मी तोंड उघडलं, पण बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"तिला आत्ता नका विचारू," ते म्हणाले. "तिला बस लागते."

मला आयुष्यात कधी बस लागलेली नाही. मी डोळे मिटून डोकं काचेला टेकवलं. उजव्या हाताला समुद्र होता, वळणावळणाला उन्हाचा उजेड पापण्यांवर यायचा आणि जायचा. काका परत गेल्याचं मला त्यांच्या पायाच्या आवाजावरून कळलं.

"हिला कधीपासून बस लागायला लागली?" आईने विचारलं.

"लागते आताशा," बाबा म्हणाले. "झोपू दे तिला."

आईने पर्स उघडल्याचा आवाज आला. बाबांच्या पुढून वाकून तिने माझ्या हातांत अर्धं लिंबू आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आणि माझ्या मुठी बाहेरून मिटल्या. मिलान यायला अजून खूप वेळ होता. तोपर्यंत मला डोळे उघडता येणार नव्हते.