मोदकपात्रात वाफवलेलं युकुलेले

टाकाऊ वस्तूंपासून टिकाऊ वस्तू करणारी माणसं घरोघरी असतात; पण टाकाऊपासून त्याहून टाकाऊ वस्तू घडवण्याची प्रतिभा मी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांखेरीज कुणातही पाहिली नाही. भावजी रेल्वेत मोठे अधिकारी होते. नोकरीभर बदल्या झाल्या, आणि दर बदलीला सामान ज्या देवदारी खोक्यांतून गेलं ती खोकी त्यांनी कधी टाकली नाहीत. शेवटची बदली कोलकात्यात झाली. निवृत्तीनंतर दोघं गार्डन रीचजवळच्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहू लागली. पाहुण्याला आडवं व्हायला जागा नसलेल्या त्या घरात खोक्यांच्या फळ्यांना मात्र स्वतंत्र खोली होती. त्या फळ्यांतून भावजींनी एक आरामखुर्ची केली. तिच्यात बसलेल्या माणसाला बाहेर काढायला दुसरा माणूस लागे. एक पुस्तकांचा घोडा केला; त्यावर पुस्तक सोडून बाकी सगळं राहत असे. ताईला स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक साधी फळी हवी होती. “फळी काय, कुणीही ठोकेल,” असं ते म्हणत. त्यामुळे ती कुणीच ठोकली नाही.

गेल्या थंडीत ताई गेली. तेराव्यानंतर मुलगा बंगळूरला परतला आणि भावजींनी युकुलेले करायला घेतलं. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार तारांचं. भावजींना ते वाजवता येत नाही. गिटारही येत नाही, आणि गाण्याचं म्हणाल तर आमच्या इथल्या, कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला त्यांना मुद्दाम झांजांच्या शेजारी उभं करतात. “मग हेच का?” मी विचारलं. “सतारीला तारा फार,” ते म्हणाले, “या वयात चार पुरेत.” वाद्याच्या पोटाला बाक द्यायचा तर पातळ पट्ट्या वाफेवर मऊ कराव्या लागतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांनी ताईचं मोदकपात्र काढलं. पट्ट्या लांब, पात्र लहान. झाकण दोरीनं बांधलेलं आणि दोन्हीकडून लाकडाच्या शेंड्या बाहेर, अशा अवस्थेत ते पात्र दिवसभर गॅसवर धापा टाकत होतं. एक बाजू नीट वळली. दुसरी जेवणानंतरच्या माणसासारखी सुटली. पाठीला खोक्याची फळी, तिच्यावर ‘ही बाजू वर’ असा रंगवलेला बाण तसाच. “नवशिक्याला सोयीचं,” भावजी म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या बंगाली मावशी, माशीमा, रोज जिन्यात थांबून बघत. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, “दादा, गिटारटा कोबे बोडो होबे?” ही गिटार मोठी कधी होणार, या प्रश्नाला भावजींनी तिची वाढ पूर्ण झाल्याचं गंभीरपणे सांगितलं.

राहिली होती दांडी. ती खोक्याच्या लाकडाची चालत नाही, कठीण लाकूड लागतं. एका रविवारी मी गेले तेव्हा मागच्या अंगणात नुसतं आभाळ दिसलं. इथल्या बाजारात मनासारखा कढीपत्ता मिळत नाही म्हणून ताईनं लावलेलं झाड तिथे होतं, भिंतीच्या वर गेलेलं. दर खेपेला मी त्याची डहाळी घरी नेत असे.

“झाड कुठाय?”

“हे काय,” भावजींनी मांडीवरचं लाकूड दाखवलं.

“ताईचं झाड तोडलंत?”

“मालकानं घर पाडून इमारत बांधायला प्रमोटरला दिलंय. दुर्गापूजेआधी मला जायचंय मुलाकडे. ती माणसं पाडणारच होती ते, आणि विचारून थोडीच पाडणार होती?”

“तुम्ही कुणाला विचारलंत?”

त्यांनी हातातला पॉलिशपेपर उलटा करून पाहिला. “बोललो होतो थोडं, बुंध्याशी बसून,” ते म्हणाले. “झाड काही बंगळूरला नेता येत नाही. एवढं येईल. तू चहा ठेव.”

मला राग आवरला नाही. “तिला एक फळी करून दिली नाहीत उभ्या जन्मात.”

“फळी आता कुणासाठी करू?” भावजी म्हणाले. मी चहा ठेवला.

पण लाकूड ओलं होतं आणि ते सुकवायला वर्षं लागतात, हे त्यांना कापल्यावर कळलं. मग त्यांनी जी पद्धत आयुष्यभर घरात पाहिली होती ती लावली. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर दांडी ठेवली, चार कोपऱ्यांना दगड, आणि कावळे येऊ नयेत म्हणून कडेला काळी छत्री. उन्हं फिरली की दांडी उलटायची, संध्याकाळी गुंडाळून आत आणायची. कोलकात्याच्या हवेत ताईचे पापडसुद्धा कधी धड वाळले नव्हते. आणि कावळे लाकूड नेत नाहीत, हे सांगणारं माणूस आता घरात नव्हतं.

निघायच्या आठवड्यात तारा चढल्या. भावजींनी एक झंकार काढला. माशीमा वरून खाली आल्या, त्यांनी ऐकलं, आणि संदेश मिठाईची बशी ठेवून गेल्या. हावड्याला त्यांना सोडायला मी गेले, तर सगळं सामान हमालाकडे आणि युकुलेले कापडात गुंडाळून कुशीत. गाडी लागली तशी त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“हे तू ठेव. लाकूड अजून ओलं आहे. तिकडच्या कोरड्या हवेत तडकेल.”

“अहो, नेण्यासाठीच केलंत ना?”

“तडकेल,” ते म्हणाले आणि डब्यात चढले. लाकडाच्या बाबतीत भावजींचं काही बरोबर आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत, सून, तिथलं पाणी, असं थोडं झालं की म्हणतात, “जवळ धर. वाजव.” मला वाजवता येत नाही. मी एकेक तार नुसती छेडते.

“दांडी वाकलीय.”

“नाही हो, सरळ आहे.”

“मला ऐकू येतंय इथे,” ते म्हणतात. मग म्हणतात, “वाकू दे. पुन्हा एकदा वाजव.”