मायाप्पाची रांग

बेळगावात कुठं रांग दिसली की तिच्यात मायाप्पा असायचाच, असं उद्यमबागेतली जुनी माणसं म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रॉकेलची असो, गॅसची असो, वीजबिलाची असो की दवाखान्यातल्या केसपेपरची. मायाप्पा पिशवी काखेत मारून उभा. गंमत अशी की ती रांग बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या कामाची नसायची. काम परशरामचं असायचं. परशरामच्या थोरल्या लेकीला कॉलेजात घालायचं होतं तेव्हा अर्जासाठी सकाळपासून मायाप्पा उन्हात उभा होता आणि लेकीचा बाप घरी बसून चहा पीत होता. बघणाऱ्याला वाटावं, दोस्ती असावी तर अशी. दोस्ती होतीच. पण मायाप्पा रांगेत उभा राहायचा तो एका चुकीपायी, आणि ती चूक एकोणऐंशी सालची होती.

तेव्हा दोघंही एकाच फाउंड्रीत मोल्डर. मायाप्पा सांबऱ्याहून सायकल हाणत यायचा, परशराम गुंजीहून रेल्वेनं. दिवसभर वाळूचे साचे भरायचे आणि भोंगा झाला की तोंडावरची काजळी तशीच ठेवून डबलसीट कॅम्पातलं मैदान गाठायचं. कारखान्याकारखान्यांच्या फुटबॉलच्या टीम होत्या. फायनलला मैदानाच्या कडेनं मुंगी शिरायला जागा नसायची. शिव्या मराठीत, कन्नडात, जी आधी तोंडात येईल त्या भाषेत. परशराम कप्तान, मायाप्पा गोलकीपर. शिडशिडीत अंग, गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब हात. "मायाप्पा हाय न्हवं, मग निवांत," असं लोक म्हणायचे.

मॅच संपली की सगळी टीम माणिक टॉकीजला. जिंको नाहीतर हरो, सहाचा खेळ चुकवायचा नाही. त्यात त्यांची एक रीत होती. ज्याच्या चुकीनं मॅच गेली, त्यानं सगळ्यांच्या तिकिटांसाठी रांगेत उभं राहायचं. बाकीचे समोरच्या गाड्यावर सोडा पीत त्याची यथेच्छ टर उडवणार. पिक्चरपायी परशरामची गाडी चुकली की तो मायाप्पाच्या घरी मुक्कामाला. मायाप्पाची बायको सोनुबाई, तिच्या हातची भाकरी आणि सुकटीची चटणी तो बोटं चाटून खायचा. "वैनी, असलं जेवाण आमच्या गुंजीत न्हाय," म्हणायचा, "पर मी हितं जेवतो त्ये गुंजीत कुणाला कळू देऊ नगासा." सोनुबाईला त्यातला जातीचा सल कळायचा. मायाप्पा हसून सोडून द्यायचा. मैतर आहे, बोलतो, एवढंच.

एकोणऐंशीच्या फायनलला शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत गोलच नव्हता. मग पेनल्टी झाली, यांच्यावर. मारणारा गुंडू. हा गुंडू आदल्या वर्षापर्यंत यांच्याच टीममधला, आता समोरच्या कारखान्यात गेलेला, परशरामनंच त्याला शिकवलेलं. त्यामुळं तो कुठं मारणार हे परशरामला ठाऊक, आणि कप्तानानं खूण करायची हे दोघांत ठरलेलं. डोक्याला हात लावला तर उजवीकडं उडी, कमरेला हात लावला तर डावीकडं.

मायाप्पाचं स्वतःचं मन सांगत होतं, डावीकडं. गुंडूचं अंगच तसं वळलं होतं. पण गुंडूच्या मागं उभ्या परशरामनं डोक्याला हात लावला. मायाप्पा उजवीकडं झेपावला. चेंडू डावीकडून जाळ्यात गेला.

"मी कमरंला हात लावलता रं," परशराम मैदानावरच म्हणाला, सगळ्यांदेखत. "ध्यान कुठं व्हतं तुझं?"

त्या संध्याकाळी माणिक टॉकीजच्या रांगेत मायाप्पा उभा राहिला, तो पुढं पंचेचाळीस वर्षं परशरामसाठी उभाच राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. आपण मैतराच्या तोंडातला घास घालवला, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. हातमोजे त्यानं पुन्हा घातले नाहीत. डोळे तपासून आला, डॉक्टर म्हणाला, घारीची नजर आहे. तरी त्याचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. गावातली टवाळ माणसं तिठ्यावर सायकल अडवून विचारायची, "मायाप्पा, उजवीकडं जाऊ का डावीकडं?" तोही हसायचा. दोन महिन्यांनी परशराम गुंडूच्याच त्या कारखान्यात फोरमन म्हणून लागला, तर मायाप्पाचा आनंद असा की त्यानंच सगळ्या फाउंड्रीत कुंदा वाटला.

पण एक गोष्ट हसण्यावारी गेली नाही. त्याची लेक मैत्री शाळेत गोलकीपिंग करायची. जिल्ह्याच्या टीममध्ये तिचं नाव आलं. फॉर्मवर बापाची सही पाहिजे होती. मायाप्पानं केली नाही. "आपल्या घरात ऐन टायमाला नजर धोका देती गं," म्हणाला. पोरगी आठ दिवस बोलली नाही. पुढं शिकली, बँकेत अधिकारी झाली, पण टीव्हीवर मॅच लागली की उठून आत जाते.

गेल्या जानेवारीत जुन्या खेळाडूंचा मेळावा झाला, उद्यमबागेतल्या एका हॉलमध्ये. मैत्रीनंच गाडीतून नेलं. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. जेवणाची रांग लागली तशी मायाप्पानं सवयीनं दोन ताटं उचलली. परशरामचे गुडघे गेलेत, तो खुर्चीत बसून होता. भिंतीवरच्या एकोणऐंशीच्या फोटोकडं बघून तो खुसखुसला.

"मायाप्पा, एक सांगू? आता कारखाना बंद पडला, टॉकीज पाडली, गुंडूबी गेला. आता सांगायला काय हरकत हाय?"

"काय रं?"

"मी डोक्यालाच हात लावलता. तुला बरुबर दिसलतं."

मायाप्पा दोन्ही ताटं धरून उभा.

"मॅच सोडली तर फोरमन करतो म्हणलते. पोरं ल्हान व्हती रं माझी. दुसरं कोण असतं तर मला जमलं नसतं, पर तू माझं ऐकणार ह्ये ठावं व्हतं." परशरामनं त्याच्या हातावर थाप मारली. "जाऊ दे. जुनं झालं. जिलबी जरा जास्त आण मला."

जिलबी! मायाप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅच विकली हे एक वेळ त्यानं गिळलं असतं. पण घरी भाकरी खाताना, रांगेत उभं करताना, मैत्रीच्या फॉर्मची गोष्ट ऐकून "तसं करायचं न्हवतंस रं" असं वर तोंड करून म्हणताना या माणसाला सगळं ठाऊक होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. हातातलं एक ताट त्यानं परशरामच्या मांडीवर ठेवलं.

"उठ," तो म्हणाला. "रांग तिकडं हाय."

"अरं, गुडघं..."

"चूक कुणाची व्हती? त्यानं उभं ऱ्हायाचं. रीत हाय आपली."

दोघातिघांनी वळून बघितलं. परशराम खुर्चीच्या दांडीला धरून उठला आणि शेवटच्या माणसामागं जाऊन उभा राहिला. मायाप्पानं आपलं ताट टेबलावर पालथं घातलं आणि बाहेर आला.

मैत्री गाडीपाशी फोनवर होती. "आप्पा, एवढ्यात? जेवलासा काय?"

मायाप्पा गाडीत बसला. पट्टा लावायचा राहिला, तो तिनंच लावला.

"मैत्री," तो म्हणाला, "त्या फॉर्मवर मी सही कराय पाहिजे व्हती गं."