पिन काढायची राहिली

बास गिटारची सर्वांत जाड तार छेडली की तिचा स्वर आधी कानांत शिरत नाही. तो मंचाच्या फळ्यांतून तळपायांत चढतो, पोटऱ्यांतून वर सरकतो आणि छातीच्या पोकळीत येऊन असा विसावतो, की आपल्या आत एवढी जागा होती हे आपल्यालाच नव्यानं कळावं. तो स्वर आठवला की मला पुढचंही आठवतं, आणि ते पुढचं मी कित्येक वर्षं कोणालाही, अगदी घरातसुद्धा सांगितलेलं नव्हतं: एका माणसाला आपले कान चालले असं वाटू लागलं होतं, ते शाबूत आहेत हे मला ठाऊक होतं, आणि त्यानं सरळ विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आता लिहायला बसलोच आहे, तर थांबत थांबत का होईना, सगळं लिहितो.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. चंद्रपुरात आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की पोंभुर्ण्यापासून एटापल्लीपर्यंत आमची भाड्याची गाडी सागाच्या रानातून धुरळा उडवत फिरायची. मी सकाळच्या शाळेत मास्तर आणि ऑर्केस्ट्रात निवेदक. स्वभावानं मी अबोल. पण माईक हाती आला की अलंकारांनी लगडलेली वाक्यं माझ्या तोंडून ओघळू लागत, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावीत. आणि माझ्या मागे, डाव्या अंगाला, मान किंचित कलती ठेवून युनूसभाई बास वाजवत उभे असत.

युनूसभाईंचा घरचा धंदा गाद्या-रजयांचा. लहानपणी कापूस पिंजताना वडिलांच्या धनुष्यासारख्या धुनकीची तांत घुमायची, तोच आपला पहिला बास, असं ते म्हणत. पुढे हातातली धुनकी जाऊन कापूस पिंजायचं यंत्र आलं आणि त्याच्या घरघराटात उभं राहून राहून वडिलांचे कान ऐन उमेदीत गेले. "अब्बाचा जाड आवाज पयले गेला," ते सांगत. "ढग गरजला तं त्याइले समजेच नाई. बारीक आवाज मंग गेला." हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे जाई. काही घरांत केस लवकर पिकतात, काही घरांत साखर येते. आपल्या घरात बहिरेपण येतं, अशी त्यांची मुकी खूणगाठ होती.

त्यांची बास साधी नव्हती. तिच्या पोटात स्वर फुलवणारं एक सर्किट होतं आणि ते नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालायचं. वायरची पिन गिटारीत खोचली की सेल कामाला लागे, पिन काढली की निजे. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प बंद असो, गिटार भिंतीला टेकवलेली असो, कोणी तारेला बोटही लावत नसो, पिन आत आहे तोवर सेल झिजतच राहतो. म्हणून गाण्यांच्या मध्ये चहा आला तरी युनूसभाई आधी पिन काढत आणि मग कप घेत. पावसाळ्यात काम थांबलं की सेलच बाहेर काढून फडक्यात गुंडाळत, नाहीतर त्याला पाणी सुटून आतला पत्रा खातं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापल्या छपराखाली त्यांनी ती गिटार कधी ठेवली नाही. गाडी निघण्यापूर्वी सेलची दोन्ही टोकं जिभेला लावून पाहत. झिणझिणी आली की मान डोलावत. "एटापल्लीत विकत घेशीन का असा सेल? तिथी टपालातून येईन का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. एवढ्याशा वस्तूचा इतका जिव्हाळा पाहून आम्ही हसायचो. पण जपणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? जी गोष्ट आता वाजत नाही, तिच्याकडेही लक्ष असणं.

तालमीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे, कारण घर जवळ; हंगामात बास तिथेच ठेवलेली असे. शाळा दुपारी सुटली की मी तिथे जाऊन, दार लावून, ती बास वाजवायचो. वाजवता येत नव्हतीच; नुसते एकेक स्वर काढत बसायचो. बोलून बोलून विटलेल्या माणसाला शब्दांवाचून बोलणारं काही हवंसं वाटावं, यात नवल ते काय? विचारलं असतं तर युनूसभाईंनी हौसेनं शिकवलं असतं. मी विचारलं नाही. वाजवून झालं की अ‍ॅम्पचा लाल दिवा मालवायचा आणि निघायचं, पिन तशीच. संध्याकाळी खोली मीच उघडत असे, तेव्हा काढत असे. कधी तालीम नसली तर ती दोन दोन दिवस आतच राही. पहिल्यांदा खरोखर विसरलो होतो. नंतर नंतर विसरणंच अंगवळणी पडलं.

थकलेला सेल मोठा फसवा असतो. थोडी विश्रांती मिळाली की तो पुन्हा उभारी धरतो, जिभेवर झिणझिणतो, पहिली चार गाणी भरघोस साथ देतो आणि मग हळूहळू सुकत जातो. आवाजातलं मांस जातं, नुसती हाडं वाजतात. युनूसभाईंना सेलवर शंका येणंच शक्य नव्हतं. दिवाळीला त्यांनी नवा घातला होता, त्यांच्या अनुभवानं तो अख्खा हंगाम पुरायचा, आणि पिन काढण्यात त्यांच्याकडून चूक होत नसे. निष्काळजी माणसानं आधी सेल बदलून पाहिला असता. या काळजी घेणाऱ्या माणसानं संशय घेतला तो स्वतःच्या कानांवर.

एटापल्लीचा कार्यक्रम करून परतताना सकाळी आलापल्लीला आम्ही चहाला थांबलो. कोवळं ऊन सागाच्या रुंद पानांवरून घरंगळत होतं, सगळे जांभया देत होते. युनूसभाईंनी ढोलकी वाजवणाऱ्या दिवाकरला विचारलं, काल बास कशी वाटली.

"दणदण वाजून राह्यली होती नं भाऊ," दिवाकर म्हणाला. स्वतःच्या ढोलकीपलीकडे त्यानं कधी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तू समोर उभा राह्यतो. खरं सांग मले. आवाज सुकून राह्यला का मलेच ऐकू नाई येऊन राह्यलं?"

मला सगळं ऐकू आलं होतं. सुकलेला आवाजही, आणि त्यामागचं कारणही. सुकला म्हणावं तर सेल उघडला जाणार, सेलावरून पिन, पिनेवरून किल्ली आणि किल्लीवरून मी. मनात म्हटलं, चंद्रपूरला पोचलो की गुपचूप नवा सेल घालून देऊ, कोणाला कळणार आहे? आणि तोंडानं म्हणालो, "आवाज बरोबर आहे, भाई."

"मंग माझेच कान गेले," ते म्हणाले. भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं, इतक्या शांतपणे. पेला खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

नवा सेल घालायची वेळ माझ्यावर आलीच नाही. चंद्रपुरात उतरताच ते बास घरी घेऊन गेले, आणि महिनाभरात, सिरोंच्याला सासुरवाडीच्या गावी दुकान टाकतो म्हणून त्यांनी निरोप घेतला. डॉक्टरकडे चला, असं कोणी म्हटलं तर म्हणत, "तो काय वेगळं सांगन?" ऑर्केस्ट्रानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भरलेलं सभागृह. निवेदन माझं. ज्या कानांनी आम्हाला सूर दाखवला त्यांनीच आज या कलावंताची साथ सोडली, असं काहीसं मी बोललो, आणि लोकांनी डोळे पुसले. इतकं सुंदर मी पुन्हा कधी बोललो नाही. इतकं नीचही नाही.

त्यानंतर मी त्या वाद्याला हात लावला नाही. ऑर्केस्ट्राही पुढे मोडला. वरून सगळं बंद होतं, दिवा मालवलेला होता; आतून मात्र मी झिजत होतो. वर्गात शिकवताना, लग्नात जेवताना, एखाद्या मिरवणुकीतला ढोल छातीत घुमला की घास तोंडात फिरत राहायचा.

गेल्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामासाठी मला सिरोंच्याला पाठवलं. निघण्यापूर्वी मी चंद्रपुरात नऊ व्होल्टचा एक सेल घेतला. गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान सापडलं. कानांत कापसाचे बोळे घालून युनूसभाई रजई भरत बसले होते. मला ओळखून त्यांनी बोळे काढले. मी बसलोही नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं: किल्ली, दुपार, पिन, आलापल्लीचा चहा. ते कापूस सारखा करत राहिले. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "सेल आणला का?"

"आणला."

माळ्यावरच्या गाद्यांखालून त्यांनी पेटी काढली. "इथी आल्यावर एकदा वाजवून पाह्यली होती," ते म्हणाले, "तोच सेल घालून. पुन्हा तसंच. मंग सेल काढून ठेवला अन् नाद सोडला." सेलचं घर स्वच्छ होतं, गंजाचा ठिपका नाही. शेजारच्या मंडपवाल्याकडून अ‍ॅम्प आला. जुनाट, काळवंडलेली जाड तार त्यांनी एकदाच छेडली, आणि फळीवरचे स्टीलचे डबे थरथरले. ते तसेच उभे राहिले. पुन्हा छेडली. पुन्हा. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मान हळूहळू तशीच कलती झाली.

आवाज ऐकून भाभी बाहेर आल्या. "मैं कबसे बोलती, इनके कान को कुछ नई हुआ," त्या मला म्हणाल्या. "मेरी बात नई सुनते, वो अलग बीमारी है."

युनूसभाई हसले. आधी पिन काढली, मग माझ्याकडे पाहिलं. "दोन दोन घंटे माईकवर बोलत होता बे तू. अन् सेल उतरला आहे, एवढे तीन शब्द नाई सांगता आले तुले?"

मी तिथेच खाली बसलो.

"राग येऊन राह्यला मले," ते म्हणाले. "लय येऊन राह्यला. पण कान हायेत नं बाप्पा. हायेत." आणि त्यांनी पिन पुन्हा खोचली.

परतीच्या बसमध्ये मी अहेरीपर्यंत गाढ झोपलो. सुटकेची झोप अशी असते, हे मी विसरूनच गेलो होतो. क्षमा मिळाली असं मी म्हणणार नाही, ती मागितलीही नाही. पण एक माणूस आपल्या घरात बसून ढगांचा गडगडाट आता निर्धास्त ऐकत असेल, या विचारानं कितीतरी ओझं उतरलं.

मी दुकानातून निघताना त्यांनी एकच सांगितलं होतं. "मले सांगितलं, झालं. पण मले बहिरा तू माईकवरून केलं होतं. ते बहिरेपण माईकवरूनच काढ."

मी हो म्हणालो. त्या सत्काराला आलेली माणसं अजून चंद्रपुरातच आहेत; बाजारात, शाळेच्या फाटकाशी भेटतात आणि युनूसभाईंचा विषय निघाला की बिचाऱ्याचे कान गेले म्हणून हळहळतात. मी अजून त्यांच्यातल्या एकालाही काही सांगितलेलं नाही. त्या सगळ्यांसमोर उभं राहून, युनूसभाईंचे कान कधीच गेले नव्हते आणि खोटं मी बोललो होतो, एवढं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.