वेस्ताभाई गावी का राहत नाहीत

आमच्या शेजारच्या प्रेमलाकाकूंच्या मागच्या खोलीत वेस्ताभाई राठवा भाड्याने, एकटे राहतात. गाव कवांटच्या पलीकडे, डोंगरात. बायको तिकडेच, शेत नि ढोरं सांभाळते. हे इथे बडोद्यात, मकरपुऱ्याच्या कारखान्यात मशिनी पुसतात. बोलतात हळू, विहिरीत बादली सोडावी तसं. काकूंचं बोलणं म्हणजे कुकरची शिट्टी.

वेस्ताभाईंच्या पोटाला डाव्या बाजूला पिशवी आहे. आतड्याचा कॅन्सर कापून काढला, तेव्हापासून संडास त्या पिशवीतच होते.

आधी दोन वर्षं रक्त पडत होतं. गावचा बडवा, म्हणजे देवाचं बघणारा भगत, म्हणाला, बाहेरचं आहे. बाजारातला डॉक्टर म्हणाला मूळव्याध, आणि मलम दिलं. आत कॅमेरा घालून बघायची सोय थेट बडोद्यात. इथले डॉक्टर नाकातून ओरडले, "तमे लोको बहु मोडा आवो छो! फार उशिरा! इथला माणूस रक्त दिसलं की धावत येतो."

"इथल्याला रिक्षा मिळते ने, साहेब," वेस्ताभाई म्हणाले.

यंदा धाकट्या भावाचा, नवलाचा, फोन आला. त्यालाही रक्त पडत होतं.

"बडोद्याला ये!" वेस्ताभाई पहिल्यांदाच ओरडले. "कॅमेरा घालून घे!"

"आधी पिठोरा, मग बडोदा," नवला म्हणाला. भाऊ जगला तर घराच्या भिंतीवर पिठोरादेवाचे घोडे लिहवीन, असा नवस त्यानेच केला होता. राठव्यांत हे घोडे रंगवले म्हणत नाहीत, लिहिले म्हणतात. "देवाचं राहिलं असताना डॉक्टरकडे कसा जाऊ? आणि तुझ्या जिवाचा नवस, भाई. तू समोर नसलास तर लिहवू कसा?"

वेस्ताभाई तर जायलाच तयार नव्हते.

"देवासमोर न्हाऊन, कोरं नेसून बसतात," ते काकूंना म्हणाले. "मी काय, अंगाला घाण बांधून बसू?"

"अहो, तुमच्या सोवळ्यापायी तो मरेल ने तिकडे!"

वेस्ताभाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं. सकाळी ओट्यावर बसून त्यांनी बडव्याला फोन लावला.

"पोटाला पिशवी आहे. बसू?"

बडवा बराच वेळ खोकला. "स्वतःच्या पायांनी येशील?"

"येईन."

"मग ये ने. विचारतोस काय?"

घोडे लिहून झाले आणि वेस्ताभाई परतले ते नवलाला घेऊनच. कॅमेऱ्यात गाठ दिसली, बोराएवढी, कॅन्सर व्हायच्या आधीची. तिथल्या तिथे काढली. "आ टाइम पर आव्यो!" डॉक्टर नाकातूनच खूश झाले.

डेपोवर नवला म्हणाला, "तू पण चाल ने, भाई."

"पिशव्या कुठे मिळणार तिकडे? पिशवीखालची कातडी सोलली तर बघणार कोण?"

नवला एकटाच गेला. पोचल्यावर त्याने फोन लावला आणि चालूच अंगणात ठेवून दिला. कोंबड्या. भांडं पडल्याचा आवाज. कोंबड्यांना शिव्या घालणारी वेस्ताभाईंची बायको. वेस्ताभाई इथे ओट्यावर फोन कानाशी धरून बसले होते.

"बोला ने काहीतरी!" मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.