व्यक्तिचित्रणाच्या तासाला सानिका बोलली

मैत्रिणींनो, घरी आले आणि आधी तुम्हालाच लिहितेय.

आज सातवीला एका नव्या कादंबरीतून व्यक्तिचित्रण शिकवत होते. विचारलं, "यातला बाप तापट आहे हे कशावरून कळतं?" कधीच न बोलणारी सानिका म्हणाली, "गाडीचा आवाज आला की सगळी भिंतीला लागून गप बसत्यात."

मी खूश! लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं, 'सानिकाने बापाचा स्वभाव छान सांगितला.'

शाळा सुटली. कुपवाडच्या कारखान्यातून तिचे वडील मोटारसायकलवर आले. आवाज ऐकताच सानिका भिंतीला चिकटली. तेव्हा मला आठवलं, कादंबरीतल्या बापाकडे गाडी नाहीच.

"मॅडम, काय सांगितलं वो आमच्या पोरीनं?" ते हसत होते.

"पुस्तकातलंच," मी म्हणाले.

ती मागे बसून गेली. मी जाऊ दिलं.

आता मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करू, की त्यामुळे तिला जास्तच मार बसेल?